पुंगळ्यांचे निमकर

निमकरांबद्दल चांगलं बोलावं असं मला मुळीच वाटत नाही. तरीही कुणी कुवेतमधल्या आमच्या वर्कशॉपचा विषय काढला की आधी निमकरच आठवतात. न बोलावता पुढे येऊन बसायची खोड त्यांना होतीच, ती आठवणीतसुद्धा गेलेली नाही.

वर्कशॉप शुवैखमध्ये, टायरच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत होतं. काम जरा विचित्र होतं. नेमबाजीच्या क्लबातून वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पोती भरभरून यायच्या. गोळी सुटते, आतली दारू जळते, पण पितळेची पुंगळी शाबूत राहते. ती स्वच्छ धुऊन, मापाप्रमाणे वेगळी करून दिली की क्लबवाले तीच पुन्हा भरून वापरतात. परवानग्या सगळ्या मालकाच्या, अबू फहदच्या नावावर. धुणं आणि निवडणं आमच्याकडे. मी वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून क्लबशी बोलणं, गेटपास आणि माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, सांभाळायची. खाली धुण्याच्या ड्रमवर युनूसभाई, दापोलीकडचे, आणि त्यांच्या हाताखाली चारदोन माणसं. आणि या सगळ्यांच्या वर, हाताला पाणी लागू न देता सगळ्यात हात घालणारे सुपरवायझर, प्रभाकर निमकर.

मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी पोत्यातली एक पुंगळी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटून हुंगली आणि जाहीर केलं, "ट्रेनिंगचा माल आहे." मी भारावले. पुढे कळलं की तो सगळाच माल ट्रेनिंगचा होता. क्लबात काही कुणी युद्ध करत नव्हतं.

"मी दारूगोळ्यातला माणूस," हे त्यांचं पालुपद. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात, कुठेही. पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात हयात घालवून ते इकडे आले होते आणि ती हयात ते खिशात घालून हिंडत. कुवेतमध्ये हे वाक्य जपून बोलायला हवं, हेही त्यांना कधी सुचलं नाही. एकदा टॅक्सीत मला ते हिंदीतून ऐकवत होते, "हम तो दारू का आदमी है." हैदराबादी ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला आणि म्हणाला, "चच्चा, इधर नक्को बोलो, दोनों को अंदर डाल देंगे." निमकर दुखावले. दारू आणि दारूगोळा यांतला फरक त्यांनी त्या बिचाऱ्याला हवल्लीपर्यंत समजावला.

सालमियात आमची वीसपंचवीस मराठी घरं अधूनमधून जमतात. नाश्ता, गाणी, एखादं भाषण. एका वर्षी भाषणाला दुसरं कुणी मिळेना म्हणून निमकरांना उभं केलं. विषय त्यांनीच ठरवला, ‘दारूगोळा आणि आपण’. बँकेतली आणि आयटीतली माणसं हातात ढोकळा धरून तासभर ऐकत होती. माझ्या मुलीने शेवटी विचारलं, "अंकल, डिड यू एव्हर फायर अ गन?" निमकरांनी तिच्याकडे कीव येऊन पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, फायर काय, कुणीही करतं." टाळ्या पडल्या. आमच्या लोकांना ठामपणे बोललेलं काहीही पटतं.

त्यांच्या या टेंभ्यावर हसू येई, पण एक गोष्ट खरी होती. त्यांचं सगळं त्यावरच चाललेलं होतं. साठी उलटलेल्या माणसाचा इकामा दरवर्षी वाढवून घेणं म्हणजे डोकेदुखी असते. अबू फहद ती सोसायचा, कारण कुणीही विचारलं की तो छाती काढून सांगे, "निमकर खबीर." खबीर म्हणजे तज्ज्ञ. तो शब्द गेला की निमकर गेले, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना काही येत नाही असं म्हणायची सोयच उरली नव्हती.

आणि यायचं त्यांना खरंच थोडं. त्यांना कळायची फक्त चमक. पुंगळी आतून स्वच्छ आहे का, तिला बारीक चीर गेली आहे का, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. बाहेरून लख्ख दिसली की ते खूश. आमच्या आयांच्या घरी पाहुणे यायचे म्हटलं की समया-तांबे घासायला निघत, तीच सगळी विद्या. युनूसभाई ड्रममध्ये पाणी, भांडी घासायचा पातळ साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि टाचणीएवढ्या स्टीलच्या काड्या घालून पुंगळ्या फिरवायचे. सरळ साधी रीत, क्लबनेच लिहून दिलेली. पण निमकरांना त्यात स्वतःचं काही दिसेना. एक दिवस ते म्हणाले, "पितळ आहे हे. पितळेला चिंच लागते."

झालं. सालमियातल्या किराणा दुकानातून चिंचेच्या विटाच्या विटा आल्या. कोळून, गाळून घालायचीही तसदी नाही, तशीच्या तशी ड्रममध्ये टाकली. दिवसभर ड्रम फिरला. संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा पुंगळ्या चमकत होत्या, हे मान्य. पण एकेका पुंगळीत एकेक चिंचोका असा गच्च बसला होता, की कुणी मुद्दाम ठोकून बसवावा. बुडाच्या भोकांत चिंचेचे दोरे अडकलेले. पुढचा आठवडा सगळी माणसं चिमटे आणि सुया घेऊन चिंचोके उकरत बसली.

युनूसभाई त्या तपकिरी पाण्याकडे बघत म्हणाले, "सार करायचा व्हता तर आदी सांगायचा, साहेब. मी बांगडं घेऊन आलो असतो."

अबू फहद आला. त्याने एक चिंचोका बोटांत धरून डोळ्यांपुढे नाचवला. "शिनू हादा, निमकर? हे काय आहे?"

"ऑर्गॅनिक प्रोसेस, सर," निमकर म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मालकाने तो चिंचोका खिशात टाकला आणि मान डोलावत गेला. खबीरच तो.

आता खरं सांगायचं तर या माणसाला एक गोष्ट येत होती, आणि ती अशी येत होती की पाहत राहावं. ती म्हणजे निवडणं. आमच्याकडे नऊच्या, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या मापाची पुंगळी यायची आणि तिच्यातच मिसळून छोटी नऊ यायची. जाडी तीच, रूप तेच, उंचीला नखभर कमी. चाळणीतून दोन्ही सारख्याच पडतात. एक जरी चुकून दुसरीत गेली तरी क्लबचं भरायचं यंत्र अडतं, आणि मग शिव्या आम्हाला. बाकीची माणसं दिव्याखाली धरून बघायची. निमकर क्लबच्या साहेबाशी फोनवर बोलताबोलता नुसता डावा हात ढिगात फिरवत आणि छोट्या नऊच्या तेवढ्या बाजूला पडत. लोखंडाच्या, ॲल्युमिनिअमच्या, चिरलेल्या, सगळ्या बाहेर. त्यांनी निवडलेला क्रेट परत आला असं कधी झालं नाही.

मी एकदा कौतुक केलं. माझंच चुकलं.

"छे हो कुलकर्णीबाई," ते तुच्छतेने म्हणाले, "निवडणं हे बायकी काम. तांदूळ निवडल्यासारखं. माझा विषय मेटलर्जी."

तांदळाचंच त्यांना का आठवलं, ते मला त्या वर्षीच्या हिवाळ्यात समजलं. आमच्या इमारतीत पुण्याहून एक जोडपं नवीन आलं होतं, त्यातल्या मुलाचे वडील महिनाभर राहायला आले. तेही त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. मी निमकरांचं नाव काढलं तर म्हातारा खुलला. "निमकर? कँटीनच्या भांडारातले ना? काय डाळ निवडून घ्यायचे हो! खडा सापडायचा नाही पोत्यात. आणि इन्स्पेक्शन आलं की साहेबांच्या दारावरच्या पितळी पाट्या घासून घ्यायचं कामही त्यांच्याकडेच असायचं."

मला इतकं हसू आलं की हातातला चहा सांडला. मेटलर्जी! डाळ, तांदूळ आणि दारावरच्या पाट्या. काय बिघडलं असतं सांगितलं असतं तर? डाळ निवडणाऱ्या हातानेच तो माणूस आमचं वर्कशॉप चालवत होता. पण नाही. जे येत होतं त्याची लाज आणि जे येत नव्हतं त्याची मिजास, असा सगळा उलटा कारभार.

मी काही दवंडी पिटली नाही. पण तोंडाला कुलूप घालणंही माझ्या स्वभावात नाही. काही पुंगळ्यांवर निकेलचा मुलामा असतो, चांदीसारखा. तीनचारदा वापरल्या की तो मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचा पिवळा रंग दिसू लागतो. अशी एक पुंगळी निमकर मला दाखवत होते, मुलाम्याचं शास्त्र सांगत. मी म्हटलं, "थोडक्यात, पितळ उघडं पडलं." आणि मग हसतहसत, गोड आवाजात पुढे जोडलं, "तुमच्या कँटीनमध्ये पातेल्यांना कल्हई कोण करायचं हो?"

ते बोलायचे थांबले. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. पुंगळी त्यांनी हळूच क्रेटमध्ये ठेवली, माझ्याकडे न बघता जिना उतरले आणि खाली जाऊन युनूसभाईंवर उगाचच ओरडले. त्या दिवसापासून माझ्यासमोर ते मेटलर्जी हा शब्द उच्चारत नसत. इतरांसमोर दुप्पट उच्चारत.

मग क्लबात एक मोठी स्पर्धा आली. आखातातल्या दुसऱ्या देशांतूनही नेमबाज येणार होते. अबू फहदला वाटलं, आपला माल सोन्यासारखा दिसला पाहिजे. असं वाटायला लावण्यात निमकरांचा हात होताच. चिंचेचा धडा घेऊन या वेळी त्यांनी किराणा दुकान सोडलं आणि हवल्लीतल्या साफसफाईच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथून कसल्याशा द्रवाचे कॅन आले. साहेबांच्या दारावरच्या पाट्या ज्याने लख्ख व्हायच्या त्याच जातीचा, पण जास्त जालीम. ड्रम उघडला तेव्हा तो वास जिन्याने चढून माझ्या केबिनमध्ये आला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. युनूसभाई तोंडाला फडका बांधून बाहेर गल्लीत जाऊन बसले.

पण पुंगळ्या! असं पितळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. अबू फहदने त्यांचे फोटो काढले आणि कुणाकुणाला पाठवले. निमकर पाठीमागे हात बांधून उभे होते. माल क्लबात पोचला.

त्यानंतर क्लबचा रेनाटो आमच्याकडे आला. हा फिलिपिनो माणूस तिकडे पुंगळ्या भरायच्या यंत्रावर होता. गेटपासचं काहीतरी काम होतं, ते झालं, मी चहा मागवला. निमकरही येऊन बसले. चहा पिताना रेनाटोने सहज गप्पा काढल्या. पूर्वी तो दुसऱ्या एका देशात कामाला होता, तिथे कुण्या शहाण्याने पुंगळ्या अमोनिया असलेल्या द्रवात धुतल्या होत्या. वरून सुंदर दिसल्या. पण अमोनिया पितळेला आतून ठिसूळ करतो. बंदुकीत एक फुटली आणि नेम धरणाऱ्याचा डोळा गेला. "तुमचा माल मात्र फर्स्ट क्लास," तो उठताना म्हणाला. "परवा सकाळी भरायला घेतो."

मी निमकरांकडे पाहिलं. त्यांची पाचावर धारण बसलेली होती. पण तोंडाने ते काय म्हणाले? इंग्रजीत, पूर्ण अधिकारवाणीने म्हणाले, "ऑफकोर्स. अमोनिया इज पॉयझन फॉर ब्रास. एव्हरीबडी नोज."

रेनाटो गेल्यावर युनूसभाई खालून तो कॅन घेऊनच वर आले. अक्षरं त्यांना वाचता येत होती. "साहेब, ह्याच्यावर अमोनिया लिवलाय."

"तो वेगळा अमोनिया, युनूस," निमकर म्हणाले. "माइल्ड."

युनूसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना खाली पाठवलं आणि दार लावलं. "निमकर, क्लबला फोन करा. आत्ता. सांगा, चुकीचा द्रव वापरला, माल भरू नका."

"करतो."

"माझ्यासमोर करा."

"बाई, मी बघतो ना. जरा विचार करू द्या."

विचार कसला करायचा होता? कुणाचा तरी डोळा एका बाजूला आणि यांचा खबीरपणा दुसऱ्या बाजूला, आणि हा गृहस्थ तराजू धरून बसला होता. मला संताप आला. एवढा संताप मला माझ्या सासरच्या माणसांचाही आलेला नाही. मी सांगून टाकलं की उद्या दुपारपर्यंत तुम्ही बोलला नाहीत तर मी अबू फहदला सांगेन, कँटीनसकट सगळं सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हणाले, "क्लबात जाऊन प्रत्यक्ष सांगतो. फोनवर बरं दिसत नाही." गेटपास माझ्या सहीशिवाय होत नसे, म्हणून मीही गाडीत बसले. आणि खरं म्हणजे त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. रस्ताभर त्यांच्या तोंडून दारूगोळाही निघाला नाही.

क्लबाच्या भांडारात आमचे क्रेट मांडून ठेवले होते. नऊ वेगळे, छोटी नऊ वेगळे, रायफलीच्या लांब पुंगळ्या वेगळ्या, प्रत्येकावर चिठ्ठी. रेनाटो आमच्याशी बोलत होता, तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून तो बाहेर गेला. मीही मुलीचा फोन आला म्हणून व्हरांड्यात आले. आतून एकाएकी असा आवाज झाला की छपरावर गारा पडाव्यात.

मी धावत आत गेले. निमकर क्रेट उपडे करत होते. एक झाला, दुसरा झाला. नऊवर छोटी नऊ, त्यावर रायफलीच्या. मग ते त्या इस्त्रीच्या शर्टात गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात खुपसून ढवळायला लागले. लाडवांचा भाजलेला रवा मोठ्या परातीत ढवळतात तसे. त्यांनी स्वतः निवडलेला माल होता तो, एकही चूक नसलेला.

"काय करताय तुम्ही?"

"मिसळतोय," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "आता हा त्यांना भरता येणार नाही. स्पर्धेआधी निवडून होणं शक्य नाही. सगळा परत पाठवतील." आणि मग वर न बघताच म्हणाले, "बाई, दार ओढून घ्या."

मला काय वाटलं ते सांगते. मला आधी शिसारी आली. एक वाक्य बोलायचं होतं या माणसाला, मराठीत किंवा इंग्रजीत किंवा खुणांनी, की माझं चुकलं. ते एक वाक्य जिभेवर येईना म्हणून हा साठी उलटलेला बाप्या परक्याच्या भांडारात जमिनीवर बसून स्वतःच्या हाताचं काम नासवत होता. एवढा भित्रेपणा करायलाही केवढी छाती लागत असेल! मी दार ओढून घेतलं. बाहेर उभी राहिले आणि रेनाटोला बोलण्यात गुंतवलं. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

पुढे व्हायचं तेच झालं. निमकरांनी रेनाटोला सांगितलं की नऊमध्ये छोटी नऊ सापडली, मग दुसऱ्यातही सापडली, या मालात काही भरवशाचं उरलं नाही म्हणून मी तो ओतून टाकला, सगळा परत घेऊन जातो. क्लबवाले खवळले. त्यांना स्पर्धेसाठी बाहेरून नवीकोरी काडतुसं आणावी लागली. अबू फहदला कुणीतरी मोठ्याने फोनवर झापलं. माल गाडीत भरून परत आला.

अबू फहदने सगळ्यांना खाली उभं केलं. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, त्या दिवशी त्याने चढवला. निवडलं कुणी? युनूसभाईंच्या माणसांचे चेहरे उतरले. अशा वेळी कुणाचं तरी परतीचं तिकीट निघतं, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. निमकरांनी बोट दाखवायचा अवकाश होता. ते दाखवतील अशी माझी खात्री होती.

"मी," निमकर म्हणाले. "मी एकट्याने निवडलं, सर."

"तू? तुझा क्रेट कधी चुकत नाही."

"नजर गेली, सर," निमकर म्हणाले. "बरेच दिवस झाले. दिसत नाही आता. सांगितलं नाही, माफ करा."

पुंगळीच्या बुडावरची मुंगीएवढी अक्षरं हा माणूस चष्म्याशिवाय वाचत होता. अबू फहदचा राग मात्र कुठल्या कुठे गेला. त्याच्या वडिलांचीही नजर तशीच गेली होती. त्याने निमकरांच्या खांद्यावर हात ठेवला, बसायला खुर्ची मागवली आणि हळू आवाजात म्हणाला, "खलास, निमकर. घरी जा. आराम कर." इकामा आता वाढणार नव्हता. खुर्चीवर बसताना निमकरांनी ती हाताने चाचपली, तेवढंही सोडलं नाही.

मी त्यांना नंतर जिन्यात गाठलं. म्हटलं, "अजून खरं सांगा. द्रव चुकला म्हणाल तर तो ओरडेल, पण ठेवून घेईल. न दिसणाऱ्याला निवडायला कोण ठेवणार?"

"बाई, नजर गेली म्हटलं की लोक खुर्ची देतात," निमकर म्हणाले. "येतच नव्हतं म्हटलं की काय देतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी कल्हईचं विचारताना तुम्ही किती हसत होतात."

त्यांचं खरं होतं. याचाही राग आला.

जाण्याआधी त्यांनी तो सगळा माल चेपायला घेतला. भंगारात गेलेलं पितळ कुणीतरी उचलून पुन्हा वापरेल म्हणून. पुंगळ्या सपाट करायचं हाताने चालवायचं यंत्र होतं, त्यात ते मूठमूठ टाकत आणि युनूसभाई दांडा फिरवत. युनूसभाईंनी नजरेची गोष्ट मनापासून खरी मानली होती. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बगा ताई, अल्लाची करणी. साहेबांची नजर गेली म्हनून माल उलटापालटा झाला, आनि कुनाचा तरी डोळा वाचला. मना तर कापरंच भरलं व्हतं." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्यांच्या जाण्याच्या दिवशी मी हवल्लीत त्यांच्या खोलीवर गेले. निरोप द्यायला नव्हे, माझ्या आईसाठी खजुराचं पार्सल द्यायचं होतं. इथून कुणीही निघालं की आपण सगळेच आपापलं सामान त्याच्या बॅगेत कोंबतो, माणूस आवडता असो की नावडता. निमकर इमारतीखाली उभे होते. त्यांनी काळा चष्मा घेतला होता. नवा, बराच महागडा दिसणारा. युनूसभाईंनी त्यांचा दंड धरला होता आणि फुटपाथची पायरी आली की ते आधी सांगत होते, आणि निमकर पाय उचलून हवेत जरा थांबवून मग खाली टेकवत होते. चांगला सराव केलेला दिसत होता. पार्सल घेताना त्यांनी ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, यात खजूर कमी आणि पुठ्ठा जास्त आहे." इतकं माझ्या डोक्यात गेलं की पार्सल काढून घ्यावंसं वाटलं.

टॅक्सी फोनवरून बोलावलेली होती. गल्लीत एकामागे एक दोन गाड्या येऊन थांबल्या. युनूसभाई त्या गाड्यांकडे बघत असताना निमकरांनी फोन हातभर लांब धरला, काळ्या चष्म्याच्या वरच्या कडेवरून त्यात डोकावून आपल्या गाडीचा नंबर घडाघडा मला सांगितला. मग फोन खिशात टाकला, चष्मा नाकावर सारखा केला आणि मान थोडी वर उचलून, नेमकी माझ्या दिशेने नाही अशी वळवून म्हणाले, "यातली कुठली हो आपली? जरा बघता का, बाई? मला दिसत नाही."

पहिल्या गाडीची पाटी त्यांच्यापासून चार हातांवर होती. मी तोंड उघडलं ते बोचरं काहीतरी बोलायलाच. शब्दसुद्धा तयार होते. युनूसभाई त्यांचा दंड घट्ट धरून माझ्याकडे बघत होते, आणि काळ्या काचांच्या आड निमकर वाट बघत होते.

मी पुढे झाले, त्या पाटीसमोर वाकले आणि एकेक आकडा सुटा करून, मोठ्याने, त्यांना वाचून दाखवला.